अंगणावरचा कॅमेरा

ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दौंडच्या रुळांवरची प्रेतं उचलली. त्यातलं बरंचसं विसरलो. पण आजही कुणाच्या दारावर कॅमेरा दिसला की मी नकळत त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. बायको हसते. तिला कारण मी कधी नीट सांगितलेलं नाही, ते इथे सांगतो. माणसांची आणि गावाची नावं मात्र लिहिणार नाही, कारण ती माणसं अजून त्याच घरांत राहतात.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधे, नदीकाठच्या एका ठाण्यात माझं शेवटचं पोस्टिंग होतं. हद्दीतलं हे गाव उसात बुडालेलं. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना ऊस एवढा दाट की शेजारच्या वस्तीवर दिवा लागलाय का तेही कळू नये. ऊस आला की बिबट्या आला. आधी कुत्री गेली, मग शेळ्या गेल्या, आणि शेजारच्या शिवारात सरपण आणायला गेलेल्या एका म्हातारीवर जनावरानं झडप घातली तेव्हा लोकांनी धसका घेतला. दिवस कलला की वस्त्यांवरची दारं लागायची.

मग ग्रामसभेत ठरलं, कॅमेरे बसवायचे. प्रत्येक वस्तीच्या अंगणावर एक, आणि नदीकडे जाणाऱ्या पाणंदीवर, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेवर, वेगळे. सगळ्या कॅमेऱ्यांना पासवर्ड एकच, आणि तो भर सभेत माइकवरून सांगितलेला. शहरातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, पण त्यामागं विचार होता. शेतातली मोटार चालू करायला निघालेल्या माणसानं आधी मोबाइलवर वाटेतली सगळी अंगणं बघून घ्यायची आणि मगच पाय बाहेर टाकायचा. जनावर दिसलं तर ज्याला दिसेल त्यानं मोबाइलवरचं बटण दाबायचं, की घरोघरचे भोंगे वाजायचे. प्रत्येकाला प्रत्येकाचं अंगण दिसलं पाहिजे, तरच ही रीत चालणार. भावकीत लपवायचं काय, असा सगळा मामला होता. तेवढ्यावर गाव पुन्हा बाहेर पडायला लागलं.

ती बाई ठाण्यात आली ती दुपारी, सासऱ्यांना आणि लहान मुलीला घेऊन. दुपारी ठाण्यात साधारण दोन प्रकारची माणसं येतात. एक, दाखला हवा असलेली, आणि दुसरी, भांडण ताजं असलेली. ही दोन्हींतली नव्हती. ठाणे अंमलदारानं खुर्ची दिली तर तिनं ती ओढून भिंतीला लावली, पाठ भिंतीला टेकवली, आणि कोपऱ्यातल्या आमच्या कॅमेऱ्याकडे बघत बसली. तो बंद होता हे तिला कसं माहीत असणार. मी तिला आत माझ्या खोलीत बोलावलं. तिथं कॅमेरा नव्हता, आणि ती पहिल्यांदा नीट बसली.

नवरा रांजणगावला कंपनीत, दुपारच्या पाळीला. घरी म्हातारे सासरे, ती आणि पाचेक वर्षांची मुलगी. वस्ती गावापासून लांब, नदीच्या अंगाला. मुलीला एक सवय लागली होती. बापाची चहाची सुट्टी झाली की तो कंपनीतून मोबाइलवर घरचं अंगण बघायचा, आणि ही त्या वेळेला कॅमेऱ्याखाली उभी राहून त्याला हात हलवायची. रोज.

भानगड सुरू झाली ती एका फोटोमुळे. पाणंदीवरून जाणाऱ्या टिपरनं त्यांच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह फोडला. तिनं पाणंदीच्या कॅमेऱ्यातलं चित्र गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि विचारलं, ही गाडी कुणाची आहे, नंबर का दिसत नाही. एवढंच. तिला खरंच वाटलं होतं की गावातल्या कुणाची तरी असेल आणि तो व्हॉल्व्ह बदलून देईल. पण तो टिपर नदीतली वाळू चोरून नेणाऱ्यांचा होता. दुसऱ्याच दिवशी तिला फोन आला. तिनं मला तो शब्दन् शब्द सांगितला, आणि सांगताना मुलीचे कान दोन्ही हातांनी झाकून धरले.

"म्हणला, तुझी लेक रोज हात हलवती. आमी बी हलवतो. तिला दिसत न्हाई एवढंच."

मी बऱ्याच धमक्या ऐकलेल्या आहेत. तंगड्या तोडीन, घर पेटवून देईन, उचलून नेईन. त्या सगळ्या ऐकून सवय झालेली असते. हे ऐकलं आणि मी घाबरलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर फोन येतच राहिले. आज पोरीनं लाल फ्रॉक घातलाय, आज म्हातारा दारात बसलेला नाही, आज गोठ्याचं दार उघडं राहिलंय, असं सगळं बिनचूक. आणि त्यातच आणखी एक गोष्ट सुरू झाली. दिवेलागणीला गावाचं इंटरनेट जायला लागलं. नेट गेलं की कॅमेरे आंधळे आणि भोंगे मुके. काही वेळानं आपोआप परत यायचं.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणालो. ते म्हणाले, कॅमेरा काढून टाकावा तर जनावर हाय, ठेवावा तर हे. सुनेनं मान वर केली नाही. ती म्हणाली, "साहेब, बिबट्याचं भ्या न्हाई वाटत आता. कॅमेरा चालू असला की वाटतं ते बघत्यात, आन् बंद पडला की वाटतं ते आले."

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला. फोनचे तपशील मागवले तर ते इंटरनेटवरून केलेले कॉल, नंबर परदेशातला. त्यातून लवकर काही हाती लागणार नव्हतं. बीट हवालदाराला संध्याकाळची गस्त लावली. आमची जीप पाणंदीला वळली की टिपर फिरकायचाच नाही. जीप निघून आली की फिरकायचा. हवालदाराला वाटलं आपल्याच ठाण्यात कुणीतरी फुटलंय, आणि दोन दिवस तो सगळ्यांकडे संशयानं बघत होता.

इंटरनेट पाडतंय कोण, हा दुसरा प्रश्न. गावाला लाइन देणारे गृहस्थ पूर्वी टीव्हीची केबल द्यायचे, आता नेट देतात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. रोज संध्याकाळी गावाच्या शिव्या खाऊन आप्पा निम्मे झाले होते. त्यांचा संशय दौंडच्या एका नेटवाल्यावर, कारण त्याला या गावात धंदा पसरवायचा होता. त्याला चौकशीला बोलावलं. माझा एक अनुभव आहे. गुन्हेगार माणूस न विचारता सगळा दिवस सांगतो, कुठं जेवलो, कुणाला भेटलो, सगळं तयार असतं. या माणसाला सकाळी काय खाल्लं तेही आठवेना. शेवटी वैतागून म्हणाला, त्यांची लाइन पडली की पहिलं माझंच नाव निघणार हे मला ठाऊक हाय, मग मी ती कशाला पाडीन? त्याची माणसं, त्याची यंत्रं सगळी तपासली आणि त्याला सोडून दिलं.

तेव्हा मी पुण्याहून सायबर सेलच्या मॅडमना बोलावलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलणं कमी, जेवणाचा डबा बरोबर. चौकात खताच्या दुकानावर आप्पांची खोली आहे, तिथं गावाचा राउटर. राउटर म्हणजे ज्या डब्यातून सगळ्या गावाचं नेट जातं-येतं तो डबा. दसऱ्याला आप्पांनी त्याची पूजा केलेली, झेंडूची माळ वाळून तशीच लटकत होती, कुंकवाचं बोट पुढच्या दिव्यांच्या मधोमध. मॅडमनी माळ बाजूला केली, डबा उलटा केला आणि खालचं लेबल वाचलं. कारखान्यातून आला तेव्हाचा पासवर्ड त्यावर छापलेला. आप्पांनी तो कधी बदललाच नव्हता. डब्याला हळद-कुंकू वाहिलं, पण कुलूप लावलं नाही, असं मी म्हणालो तर आप्पा ओशाळले.

संध्याकाळी नेट गेलं तेव्हा मॅडम त्या डब्याला आपला लॅपटॉप जोडून बसल्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, "साहेब, समजा तुमच्या ठाण्याच्या दारात एकदम हजार माणसं आली, आणि प्रत्येकानं नुसतं 'साहेब आहेत का' एवढंच विचारलं. ठाणे अंमलदार काय करेल?"

प्रत्येकाला उत्तर देत बसेल, मी म्हणालो.

"आणि खरा फिर्यादी मागं उभा राहून कंटाळून जाईल. दार तुटत नाही, चोरी होत नाही, पण ठाणं बंद. या राउटरचं तसंच होतंय. कुणीतरी रोज त्याच्यावर खोटी गर्दी सोडतंय."

मला ते लगेच समजलं, कारण मोर्चे पाहिलेले आहेत. मी विचारलं, एवढी गर्दी येते कुठून, चीनमधून? बातम्यांत तसंच ऐकायची सवय.

"इथूनच. तुमच्या गावाचे कॅमेरेच ती गर्दी करतायत."

आप्पा खाली बसले. मी खिडकीतून बाहेर बघितलं. चौकात वडाच्या पारावर माणसं बसलेली, आणि वरच्या खांबावर कॅमेरा, त्यांच्याकडे तोंड करून. मॅडमनी समजावलं ते असं. कॅमेरे बाहेरगावाहून मोबाइलवर दिसावेत म्हणून बसवणाऱ्यानं प्रत्येक कॅमेऱ्याला राउटरमधून बाहेरची वाट करून दिलेली. पासवर्ड सगळ्यांचा एक. तो ज्याच्याकडे आहे तो जगातून कुठूनही अंगणं बघू शकतो. आणि कॅमेरा म्हणजे छोटा संगणकच. जाणत्या माणसानं आत शिरून हुकूम दिला की तो बिनकामाचे निरोप राउटरवर फेकत सुटतो. सगळ्यांनी एकदम फेकले की राउटर गुदमरतो. आमची जीप पाणंदीला वळलेली त्यांना कशी कळायची, तेही मला तिथंच कळलं. हवालदाराचा संशय फिटला एवढंच काय ते चांगलं झालं. बाकी बिबट्यासाठी लावलेले डोळे दिवसा त्या लोकांसाठी पहारा करत होते आणि दिवेलागणीला त्यांच्याच हुकमानं मिटत होते.

पण आरोपी कोण? पासवर्ड माइकवरून सांगितलेला, म्हणजे सगळं गाव, गावाचे जावई आणि पाहुणे, सगळेच संशयित. मी हे बोललो तर मॅडम म्हणाल्या, एक गोष्ट आहे. गर्दीत गावाचे सगळे कॅमेरे आहेत, फक्त एक नाही. तो बिघडलेला नाही, बंदही नाही. त्याचा पासवर्ड वेगळा आहे.

कुठल्या घरचा, ते आप्पांनी बघून सांगितलं. कॅमेरे बसवणाऱ्याच्या घरचा.

हा माणूस गावचाच. दौंडला त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान, घर आणि बायका-मुलं गावात. भावकीतला, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात-मध्यात नसणारा. मी त्याला धरून आणला नाही. निरोप पाठवला की आमच्या ठाण्यातला कॅमेरा बंद पडलाय, येऊन बघा. तो आला, टेबलावर चढला, वायर जोडली, चित्र सुरू झालं. चहा सांगितला. ठाण्यातला चहा पिण्याची एक तऱ्हा असते. ज्याला काही लपवायचं नाही तो चहा वाईट आहे म्हणून तोंड वाकडं करतो. यानं तो गटागटा प्यायला, चव कळल्यासारखं दिसलं नाही.

मी म्हणालो, पासवर्ड काय ठेवायचा? गावाचा आहे तोच ठेवू, सोपा आहे.

तो चटकन म्हणाला, "नगं साहेब. त्यो लई जणांकडं गेलाय."

"म्हणून तुम्ही घरचा बदललात का?"

त्यानं कप खाली ठेवला. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पाहिले आहेत, मीही कधी कधी चढवला आहे, पण घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून काही निघत नाही. तो आधीच दुसऱ्या कुणाला तरी घाबरलेला असतो, आणि त्या माणसापेक्षा मोठी भीती आपल्याकडे नसते. मी दार लावून घेतलं आणि नव्यानं चालू झालेला कॅमेरा स्वतः बंद केला. तेव्हा तो रडायला लागला.

वाळूवाल्यांनी त्याला पाणंदीवर अडवलं होतं. मारलं नाही, शिवीही दिली नाही. त्याच्याच मोबाइलवर त्याला गावाची अंगणं उघडायला लावली. एकेक बघत बघत त्याच्या घरावर आले. त्याची बायको अंगण झाडत होती. त्यांच्यातला एक म्हणाला, वहिनी अंगण झाक झाडत्यात. बस, एवढंच म्हणाला. त्यानं पासवर्ड दिला, आणि घरी जाऊन पहिलं काम काय केलं, तर स्वतःच्या कॅमेऱ्याचा बदलला. मग त्यांनी सांगितलं, टिपर निघायच्या वेळेला सगळं बंद पाहिजे. एकेक कॅमेरा बंद केला असता तर गाव त्याच्या दारात आलं असतं. राउटर पाडला की शिव्या आप्पांना. म्हणून ही गर्दीची युक्ती त्यानंच काढली.

"गावाचं दार उघाडलं साहेब, आन् माझं तेवढं लावून घेतलं," तो म्हणाला.

मी पाणी दिलं. जबाब पुरा झाला असं वाटत होतं, हवालदार कागद गोळा करत होता. तेवढ्यात तो खाली बघत म्हणाला, "उद्याच्याला जरा जास्त येळ बंद ठेव म्हणलेत. नदीकडल्या वस्तीवर काम हाय म्हणलेत. कसलं काम ते म्या इचारलं न्हाई."

नदीकडची वस्ती म्हणजे त्या बाईची. हवालदारानं गोळा केलेले कागद पुन्हा टेबलावर ठेवले.

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. आजच राउटर पक्का करायचा, पासवर्ड बदलायचे, वस्तीवर बंदोबस्त लावायचा. तसं केलं तर ती माणसं सावध होणार, उद्या येणार नाहीत, पण परवा येतील, किंवा बंदोबस्त उठल्यावर येतील. आणि बंदोबस्त कधी ना कधी उठतोच. दुसरी वाट म्हणजे त्यांना येऊ द्यायचं. पण त्यासाठी रोजच्यासारखं नेट जायला हवं, आणि नेट गेलं तर गाव आंधळं आणि वस्ती एकटी. मी मॅडमना विचारलं, नेट गेलेलं बाहेरच्यांना वाटेल, पण जाणार नाही, असं काही होतं का? त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, साहेब, राउटर नीट पक्का केला की तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या आप्पांच्या खोलीत होत्या. मी समजून घेतलं ते माझ्या भाषेत सांगतो. लेबलावरचा पासवर्ड काढून नवा घातला. राउटरचा कारभार बाहेरून कुणाला करता येणार नाही, फक्त त्या खोलीत बसूनच करता येईल, असं केलं. एका कॅमेऱ्यानं एका दमात किती निरोप टाकायचे याला मर्यादा घातली, वरचे सगळे न वाचता फेकून द्यायचे. कॅमेऱ्यांची वाट घरांच्या वाटेपासून वेगळी केली. आणि शेवटची गोष्ट, अनोळखी माणसानं बाहेरून 'आहेस का' विचारलं तर उत्तरच द्यायचं नाही. बाहेरच्याला वाटणार डबा मेला. पण ही बाहेरची वाट त्यांनी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवली, कारण अंगण रोजच्यासारखं दिसायला हवं होतं. गर्दी सुटली की ती बंद करायची, गावातलं आतल्या आत चालू ठेवायचं. मी विचारलं, नक्की टिकेल ना? त्या म्हणाल्या, हा राउटर जुना आहे, मी खात्री देत नाही. मला त्यांचा राग आला, आणि खोटं बोलल्या नाहीत म्हणून बरंही वाटलं.

आता वस्तीचा प्रश्न. मी त्या बाईला म्हणालो, ताई, तुम्ही मुलीला घेऊन माहेरी जा, घरात आम्ही थांबतो. ती म्हणाली, "अंगण मोकळं दिसलं तर त्यांना कळंल. आमाला हितंच पाहिजे."

तिचं बरोबर होतं, आणि मी हो म्हणालो. हा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणतो, पण तसाच प्रसंग पुन्हा आला तर तो घेण्याची छाती मला होईल का, सांगता येत नाही.

दुपारनंतर आम्ही उसातून, कॅमेऱ्याला चुकवून गोठ्यात शिरलो. मी, हवालदार आणि साध्या कपड्यांतली दोन माणसं. ऊस वाजला की आम्ही जागीच थबकायचो, जनावर असेल म्हणून. दुसरी तुकडी भांडगावजवळ, टिपर जिथं सोलापूर रस्त्याला लागायचे तिथं नाकाबंदीला. कॅमेरेवाला दौंडला दुकानात, त्याच्या शेजारी गिऱ्हाईक म्हणून बसलेला आमचा शिपाई. कॅमेरेवाला ऐन वेळी उलटला तर सगळं संपणार होतं.

गोठ्याच्या फटीतून मला अंगण दिसत होतं. ती बाई रोजची कामं करत होती. अंगण झाडलं, वाळलेले कपडे काढले, गाईची धार काढायला आमच्या शेजारीच येऊन बसली. कोण कुठून बघतंय हे माहीत असताना ती मान वर न करता काम करत होती. फक्त बादलीची कडी वाजत होती. गाय शांत होती, वारा नव्हता.

मग बापाच्या सुट्टीची वेळ झाली. मुलगी घरातून पळत आली आणि कॅमेऱ्याखाली उभी राहिली. आईनं तिला अडवायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण रोजच्यापेक्षा वेगळं काही दिसायला नको होतं. मुलगी हात हलवत राहिली. हवालदारानं डोळे दुसरीकडे वळवले.

दिवस मावळला. मॅडमचा फोन आला. गर्दी आली, बाहेरची वाट बंद केली, आतलं चालू आहे. मी मोबाइलवर पाहिलं, पाणंद दिसत होती. जुना डबा तग धरून होता. ठरल्याप्रमाणे आप्पांनी ग्रुपवर त्यांचा नेहमीचा निरोप टाकला, लाइन गेली आहे, काम चालू आहे, सहकार्य करावे. आणि जे मी हिशेबात धरलंच नव्हतं ते झालं. गावातल्या एकानं लगेच उत्तर दिलं, आमच्याकडं चालू हाय की.

ग्रुपमध्ये कोण कुणाचं आहे कुणाला ठाऊक. ओसरीवर बसलेल्या आबांनी तो निरोप वाचला, मोबाइल तोंडाजवळ धरला आणि त्या माणसाला बोलून उत्तर पाठवलं. "आरं, त्ये कालचं चित्र आडाकलंय. बंद करून ठिव मुबाइल." म्हातारा इतका सहज बोलला की मलाच क्षणभर खरं वाटलं. त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही.

पाणंदीच्या कॅमेऱ्यात दोन टिपर नदीकडे गेले. मागून एक जीप आली, आणि ती नदीकडे न जाता वस्तीकडे वळली. दिवे बंद. दोन माणसं उतरली, एकाच्या हातात प्लास्टिकचा कॅन. वारा नसल्यानं डिझेलचा वास गोठ्यापर्यंत आला. ती दोघं कॅमेऱ्याखालून बिनधास्त चालत आली. एकानं तर वर बघून हात हलवला, चेष्टेनं. त्याच्या हिशेबानं तो मेलेल्या कॅमेऱ्याला हात हलवत होता.

भोंगा मी सांगेन तेव्हा वाजवायचा असं ठरलं होतं. पण घरातून मोबाइलवर बघणारी ती बाई थांबली नाही. त्यानं हात हलवला आणि तिनं मुलीला पोटाशी धरून बटण दाबलं. सगळ्या शिवारात भोंगे उठले. गावाच्या रीतीप्रमाणे घराघरांतून माणसांनी आधी मोबाइलमध्ये बघितलं, जनावर कुठं आहे ते, आणि त्यांना दोन माणसं दिसली, कॅनसकट. अख्खं गाव साक्षीदार झालं. आम्ही गोठ्यातून बाहेर आलो तशी ती दोघं कॅन टाकून उसात पळाली.

ऊस आम्ही घेरला. काठ्या, बॅटऱ्या घेऊन गाव आलं होतं, पण आत जायला कुणी तयार नव्हतं, आमची माणसंही नव्हती, आणि मी कुणाला तसा हुकूम दिला नाही. बाहेर आम्ही उभे, आत ती दोघं. काही वेळानं उसात काहीतरी सळसळलं, आणि लगेच ती दोघं हात वर करून, एकमेकांना ढकलत, आमच्या अंगावर धावत आली. आत काय होतं हे त्यांनी पुढं जबाबातही सांगितलं नाही.

टिपर भांडगावजवळ मुद्देमालासह धरले. पंचनामे झाले, दोषारोपपत्र गेलं. दुकानात बसलेला कॅमेरेवाला उलटला नाही, पण आरोपींत त्याचंही नाव घालावं लागलं. गावानं त्याच्या घराशी बोलणं टाकलं. त्याची बायको अजूनही अंगण तसंच झाडते म्हणतात. ग्रामसभेत प्रत्येक घराला वेगळा पासवर्ड देण्यावरून भांडणं झाली, भावकीवर भरवसा नाही का म्हणून, पण शेवटी दिले. आप्पांनी नवा राउटर घेतला.

या केसनं मला एक शिकवलं. घाबरलेला माणूस भीती स्वतःजवळ ठेवत नाही, तो ती शेजारच्या घरात नेऊन टाकतो आणि आपली कडी लावून घेतो. कॅमेरेवाल्यानं तेच केलं. वाईट माणसापेक्षा अशा माणसाचं मला जास्त भय वाटतं, कारण वेळ आली तर मीही त्याच्यासारखाच वागेन की काय, हे मला माहीत नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा शिरूरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्या वस्तीवर गेलो. आबांनी ओसरीवर घोंगडी टाकली, बाईनं चहा केला. मुलगी आता शाळेत जाते. दप्तर घेऊन आली, आणि अंगणातून सरळ न येता भिंतीच्या कडेनं, गोठ्याला वळसा घालून घरात शिरली. आई म्हणाली, आता हात हलवत नाही ती. बाप किती सांगतो, तरी नाही.

मी मुलीला जवळ बोलावलं. मोठ्या आवाजात, अधिकाऱ्याच्या थाटात सांगितलं की आता सगळं पक्कं केलंय, बाहेरच्या कुणाला दिसत नाही, बाबांच्या मोबाइलला वेगळी किल्ली आहे. आता फक्त तुझे बाबाच बघतात.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कशावरनं?"

हा प्रश्न मी उभ्या नोकरीत हजारो माणसांना विचारला. चहा संपवला आणि निघालो, आणि निघताना अंगणातून सरळ न जाता मीही गोठ्याच्या बाजूनं गेलो.